मुलाच्या खाण्यातले कृत्रिम रंग काढले, आठ महिने झाले. काय उरलं, काय गळलं (नाशिक)

गोदाकाठ | २१ फेब्रुवारी, रात्री १०.५०

गेल्या जूनमध्ये इथे विचारलं होतं की मुलगा एका जागी दोन मिनिटं टिकत नाही, काय करू. तेव्हा बऱ्याच जणींनी धीर दिला. त्यातल्या दोघींनी खाण्यातले रंग आणि प्रिझर्व्हेटिव्ह काढून बघायला सांगितलं होतं. काय झालं ते लगेच लिहिलं नाही, कारण शेवटची चाचणी द्राक्षांची होती आणि द्राक्षं फेब्रुवारीच्या आधी फारशी गोड होत नाहीत. परवा ती संपली.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. आम्ही इंदिरानगरला राहतो. शाळेच्या वहीत रोज शेरा असायचा: वर्गात फिरतो, दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो, वाक्य अर्धं सोडून उठतो. रात्री साडेअकरापर्यंत झोप नाही. एका रविवारी तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर चढलेला दिसला. त्या दिवशी मी ठरवलं की "मुलगा आहे, दंगा करणारच" हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारायचं नाही.

सगळ्यात आधी डॉक्टर. बालविकासाच्या डॉक्टरांनी आमच्याकडून आणि शाळेकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले. लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ दिसतात का हे त्यांना बघायचं होतं. कान, डोळे, टॉन्सिल, झोपेतलं घोरणं, रक्तातलं लोह, सगळं तपासलं. लोह कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) लक्षणं आहेत असं त्यांनी सांगितलं. पालकांसाठीचं प्रशिक्षण लगेच सुरू करा म्हणाले, आणि गोळीचा निर्णय दिवाळीनंतर घेऊ. आहाराचं मी विचारलं तेव्हा त्यांनी उडवून लावलं नाही. म्हणाले, "करा, पण आहारतज्ज्ञ सोबत घ्या आणि वजन दर पंधरा दिवसांनी मला कळवा."

पहिले दोन आठवडे आम्ही काहीही बदललं नाही. फक्त लिहिलं. दोनशे पानी वही, चार रकाने: काय खाल्लं, किती वाजता, कधी झोपला, आणि वागण्याला ० ते ५ गुण. ० म्हणजे शांत दिवस, ५ म्हणजे कठड्याचा दिवस. ही वही सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. मला वाटत होतं की आमच्या घरात बाहेरचं फारसं येत नाही. वही वेगळंच सांगत होती. वाण्याकडची रंगीत बडीशेप, आजोबांनी आणलेल्या पिवळ्या बॉबी, कस्टर्ड, दुधातली गुलाबी पावडर, केचप, जॅम, रिक्षावाले काका रोज देतात ती गोळी, सोसायटीत आठवड्याला एखाद्या वाढदिवसाचा केक, आणि वर तापाचं गुलाबी सिरप. एकही दिवस रंगाशिवाय गेलेला नव्हता.

मग पहिला टप्पा, चार आठवडे. कृत्रिम रंग, बेंझोएट, सल्फाइट आणि पावातलं प्रोपियोनेट ही प्रिझर्व्हेटिव्ह, चव वाढवणारे घटक (पाकिटावरचे क्रमांक ६२१, ६२७, ६३१, ६३५) हे सगळं बंद. दुसरा टप्पा, तीन आठवडे: सॅलिसिलेट (फळं, मसाले यांत मुळातच असणारं एक रसायन) जास्त असलेले नैसर्गिक पदार्थही बंद. हा टप्पा म्हणजे काय ते आपल्या स्वयंपाकघरात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. हळद, जिरे, धने, मिरची, गोडा मसाला, टोमॅटो, संत्रं, पेरू, खजूर, मनुका, मध, द्राक्षं, सगळं बाद. उरलं काय, तर भात, पोळी, मुगाचं पांढरं वरण, तूप-लसणाची फोडणी, कोबी, साल काढलेला बटाटा, दूध, काजू आणि साल काढलेली नासपती. ऑगस्ट असल्यामुळे बाजारात नासपती होती, तेवढंच नशीब.

पहिल्या टप्प्यात साधारण दहाव्या दिवसापासून फरक दिसला. गुणांची सरासरी साडेतीनवरून दोनवर आली, झोप दहाच्या आत. दुसऱ्या टप्प्यात आणखी फरक काहीच पडला नाही. उलट वजन सातशे ग्रॅमने उतरलं आणि आहारतज्ज्ञ बाईंनी तो टप्पा तिथेच थांबवला.

त्यानंतर काढलेली एकेक गोष्ट परत देऊन पाहिली. हा भाग सगळे सोडून देतात. फरक पडला की लोक खूश होतात आणि मुलाला जन्मभर पंचवीस गोष्टी बंद करून टाकतात. मला हेच सांगायचं आहे, म्हणून एवढं लिहिते आहे. काढणं म्हणजे अर्धंच काम. परत दिल्याशिवाय कशाने फरक पडला ते कळतच नाही.

आमचा निकाल: हळद-मसाले, टोमॅटो, काहीही झालं नाही. बेंझोएटचं सरबत, काही नाही. पाव सलग तीन दिवस दिला, पहिल्यांदा चिडचिड झाली, महिन्याने पुन्हा दिला तेव्हा काहीच नाही, त्यामुळे त्याचा निकाल मी लावत नाही. रंग, हो. स्पष्ट हो. आणि द्राक्षं? परवापर्यंत निफाडच्या मावशीच्या मळ्यात त्याने पोटभर खाल्ली, सलग चार दिवस. वहीत चारही दिवस एक आणि दोन. नाशिकच्या पोराची द्राक्षं बंद करावी लागली नाहीत, मला रडू आलं.

सातपूरकर | २१ फेब्रुवारी, रात्री ११.३५

ताई, मनापासून लिहिलंय, म्हणून मनापासूनच विचारतो. लोहाचं औषध त्याच सुमारास सुरू झालं. पालकांचं प्रशिक्षणही. शाळा नवीन वर्षात रुळली. फरक यातल्या कशामुळेही असू शकतो.

दुसरं, आई-वडिलांची अपेक्षा. साखरेने मुलं उधळतात असं आपण सगळे मानतो. १९९४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात साखर दिलीच नव्हती. तरी त्या आयांनी मुलांना जास्त चंचल ठरवलं, आणि त्यांचं मुलांशी वागणंही बदललं, जास्त टोकणं, जास्त जवळ घुटमळणं. १९९५ मध्ये अशा अनेक नियंत्रित प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात साखरेचा वागण्यावर परिणाम सापडला नाही. रंगांच्या बाबतीत आपण तीच चूक करत नाही हे कशावरून?

गोदाकाठ | २१ फेब्रुवारी, रात्री ११.५८

तुमचा प्रश्न माझ्या नवऱ्यानेही विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून घरात एक प्रयोग केला. सहा मंगळवार. सकाळी कोकोचं दूध, स्टीलच्या झाकणाच्या बाटलीत. काही मंगळवारी त्यात किराणा दुकानातला केशरी खाण्याचा रंग, काही मंगळवारी नाही. कोको यासाठी की रंग दिसू नये आणि जिभेवरही कळू नये. रंग नवरा घालायचा, किती वेळा घातला तेही त्याने मला सांगितलं नव्हतं. चिठ्ठ्या पाकिटात बंद करून देवघरात ठेवल्या. मी संध्याकाळी "आज रंग होता / नव्हता" असं लिहायचे. वर्गशिक्षिका बाई नेहमीप्रमाणे गुण द्यायच्या, त्यांना प्रयोगाचं माहीतच नव्हतं.

सहापैकी पाच वेळा माझं बरोबर आलं. एकदा चुकलं, साध्या दिवसाला मी रंगाचा म्हटलं, कारण सकाळीच आमचं बुटांवरून भांडण झालं होतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो अपेक्षेचा दोष माझ्यातही आहे आणि तो वहीत लिहिलेला आहे.

सातपूरकर | २२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

हे वाचून मी गप्प झालो. एवढं घरात कुणी करत नाही.

तरी हिशेब सांगतो. नाणं उडवूनही सहापैकी पाच किंवा सहा बरोबर यायची शक्यता चौसष्टात सात आहे, म्हणजे साधारण अकरा टक्के. तेव्हा खात्री म्हणता येत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही. बाईंचे गुण काय होते?

गोदाकाठ | २२ फेब्रुवारी, सकाळी ९.२५

रंगाच्या चार दिवशी ३, ४, ४, ३. बिनरंगाच्या दोन दिवशी २, १. लोहाचं औषध या सहाही आठवड्यांत तसंच चालू होतं.

आहारवही | २२ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच काम करते. (गोदाकाठ माझ्याकडच्या नाहीत.) थोडा इतिहास देते, कारण या विषयात अर्धवट माहिती फार फिरते.

बेन फाइनगोल्ड हे सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ. १९७३ मध्ये त्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे मांडलं की कृत्रिम रंग, स्वाद आणि सॅलिसिलेट काढल्यावर बऱ्याच चंचल मुलांमध्ये सुधारणा होते. १९७५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि घराघरांत हा आहार पोचला. पुढे नियंत्रित चाचण्या झाल्या तेव्हा त्यांचे मोठे दावे टिकले नाहीत, पण काही थोडी मुलं खरोखर रंगांना प्रतिसाद देतात हे पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलने यावरून काटेकोर पद्धत बसवली. १९८५ मध्ये तिथल्या संशोधकांनी शेकडो पदार्थांतलं सॅलिसिलेट मोजून तक्ते छापले. गोदाकाठ यांच्या दुसऱ्या टप्प्यातली यादी त्याच परंपरेतली आहे. त्या पद्धतीत सगळं एकदम काढतात आणि मग एकेक परत देतात. मी स्वतः आपल्याकडच्या मुलांसाठी आधी फक्त रंग-प्रिझर्व्हेटिव्ह काढते. हळद-जिरे-मिरची काढलं की आपल्या मुलाचं जेवण फार कमी होतं, आणि वजन उतरलं ते त्यामुळेच.

आता सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास: इंग्लंडमधलं साउदॅम्प्टन विद्यापीठ, २००७, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं. ही एडीएचडीची मुलं नव्हती, साधी शाळेतली मुलं होती. प्रत्येक मुलाला आळीपाळीने कधी रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय, कधी तसंच दिसणारं पण ते न घातलेलं, आणि कधी काय दिलं हे कुणालाच माहीत नाही. रंगांच्या पेयाने सरासरी चंचलता थोडी वाढली. 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा आहे. काही मुलांवर ठळक परिणाम, बऱ्याच मुलांवर काहीच नाही. यानंतर युरोपियन संघाने जुलै २०१० पासून त्या अभ्यासातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा सक्तीचा केला की मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो.

२०१२ च्या एका एकत्रित विश्लेषणात अंदाज दिला आहे की एडीएचडी असलेल्या मुलांपैकी सुमारे आठ टक्क्यांच्या लक्षणांचा संबंध खाद्यरंगांशी असू शकतो. म्हणजे शंभरातली बरीच मुलं आहाराने बदलणार नाहीत. ज्यांना फरक पडला नाही त्या आयांनी स्वतःला दोष देऊ नये म्हणून हा आकडा मी मुद्दाम सांगते.

आणि एक सावधगिरी. एखाद्या पदार्थाने मुलाला कधी अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं झालं असेल तर तो पदार्थ घरात 'परत देऊन' बघायचा नाही. दमा असेल तर सल्फाइटच्या बाबतीतही तेच. ते काम दवाखान्यातलं.

लेबलवाला | २२ फेब्रुवारी, दुपारी १.१५

अंबड एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या गुणवत्ता तपासणीत काम करतो. लेबल कसं वाचायचं ते सांगतो.

पाकिटाच्या मागे घटकांत 'कलर' किंवा 'आयएनएस' (अशा घटकांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि आकडा शोधा. १०२ टार्ट्राझिन, पिवळा. ११० सनसेट यलो, केशरी. १२२ कार्मोइसिन आणि १२४ पॉन्सो फोर आर, लाल. १२७ एरिथ्रोसिन, गुलाबी. १३२ इंडिगो कार्मिन आणि १३३ ब्रिलियंट ब्लू, निळे. भारतात परवानगी असलेले कृत्रिम रंग मोजकेच आहेत आणि मर्यादा साधारण किलोला १०० मिलिग्रॅम. पाकिटावर 'कंटेन्स परमिटेड सिंथेटिक फूड कलर' असं वाक्य असावंच लागतं. ते बारीक अक्षरात, बहुतेक वेळा घडीत असतं.

प्रिझर्व्हेटिव्हमध्ये २११ सोडियम बेंझोएट (सरबतं, केचप, लोणचं), २२० आणि २२३-२२४ सल्फाइट (जॅम, सुका मेवा, स्क्वॅश), २८२ कॅल्शियम प्रोपियोनेट (पाव). रिफाइंड तेलात कधी ३१९, तेल खवट होऊ नये म्हणून.

'नो ॲडेड प्रिझर्व्हेटिव्ह' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाकिटात रंग असू शकतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक इथे फसतात.

पण माझी खरी काळजी पाकिटं नाहीत. पाकिटावर निदान आकडा असतो. सुटं जे मिळतं, जत्रेतली गुलाबी म्हातारीचे केस, गाड्यावरचं लालभडक मंचुरियन, बर्फाचा गोळा, हातगाडीवरची जिलबी, त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. कपड्यांचा रोडामाइन-बी नावाचा रंग म्हातारीच्या केसांत सापडला म्हणून २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने ती विक्री बंद केली, कर्नाटकनेही त्याच वर्षी मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले. मेटॅनिल यलोला खाण्यात परवानगीच नाही, तरी तो मिठाईत आणि हळदीत सापडत आला आहे. इथे चंचलतेचा प्रश्न मागे पडतो, हे सरळ भेसळीचं विष आहे. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. मी केली आहे, नमुना घेतला जातो.

पंचवटीतली आजी | २२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.०५

माझी सून हे तुम्हा सगळ्यांचं मोठ्याने वाचून दाखवत होती. मी तिलाच लिहायला सांगते आहे.

गोदाकाठ पोरी, पांढरं वरण वाचून मला माझेच दिवस आठवले. नातवाला सुनेने हळद बंद केली तेव्हा मी तिला बोलले होते. आजाऱ्याला घालतात तसलं जेवण निरोगी पोराला कशाला, असं म्हणाले आणि चोरून लाडू दिला. दिवसभराची तिची वही माझ्या एका लाडवाने वाया गेली. तिने मला काही म्हटलं नाही, फक्त वहीत "आजी, केशरी बुंदी" असं लिहिलं. ते वाचल्यावर मी पुन्हा दिला नाही. आज्यांना आधी बसवून सांगा. आम्हाला कुणी कारण सांगत नाही, नुसतं "देऊ नका" म्हणतात.

लाल वड्यांसाठी बिटाचा रस घ्यावा. खोबऱ्याच्या वडीत दोन चमचे घट्ट रस, शेवटच्या दोन मिनिटांत. आधी घातला तर रंग विटतो.

कॉलेजरोडची | २२ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मला आमची गोष्ट लिहावीशी वाटते, जरी ती वेगळी असली तरी.

आम्ही अकरा महिने हा आहार केला. रंग, पाव, साखर, गहू, दूध, एकेक करून सगळं बंद केलं. डॉक्टर नाहीत, आहारतज्ज्ञ नाहीत, मोबाईलवरच्या ग्रुपवर जो सांगेल ते. काहीच बदललं नाही. दर वेळी मला वाटायचं, कुठेतरी मीच चुकले, एखादं बिस्किट राहून गेलं. मुलगा नऊ वर्षांचा, हाडं दिसायला लागली. मित्रांकडे जाणं त्याने स्वतःच सोडलं, कारण तिथे काय खायचं हा प्रश्न.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. मिथाईलफेनिडेट ही एडीएचडीची गोळी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी त्याने एक संपूर्ण धडा वाचला आणि मला येऊन गोष्ट सांगितली. त्या अकरा महिन्यांची मला आजही टोचणी आहे.

गोदाकाठ, तुमच्याबद्दल तक्रार नाही, तुम्ही डॉक्टरांपासून सुरुवात केलीत. पण हा धागा वाचून कुणी उद्या गोळी बंद करून हळद काढायला लागलं, तर त्या मुलाचं वर्ष जाईल.

गोदाकाठ | २२ फेब्रुवारी, रात्री १०.३०

तुमचं लिहिणं वर चिकटवून ठेवता आलं असतं तर मी ठेवलं असतं.

आमचं पुढचं मी लिहिलंच नाही, ती माझी चूक. दिवाळीनंतर डॉक्टरांनी पुन्हा फॉर्म भरून घेतले. घरचे गुण खूप सुधारले होते, शाळेतले थोडे. लक्ष अजूनही भटकतं, अर्धं वाक्य सोडून तो अजूनही उठतो. गोळी तूर्त नको, पण एप्रिलमध्ये पुन्हा बघू असं ठरलं आहे. लागली तर देणार. आहाराने त्याचा एडीएचडी गेलेला नाही. त्यातला रंगांमुळे भडकणारा भाग कमी झाला आहे. आमच्यासाठी तो भाग मोठा होता, कारण कठडा त्यात होता.

तुम्ही अकरा महिने जे केलंत ते प्रेमाने केलंत. टोचणी ठेवू नका.

निफाड_शिवार | २३ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

द्राक्ष बागायतदार. तुमच्या मुलाला द्राक्षं चालतात वाचून सकाळ चांगली गेली.

मनुका-बेदाण्याचं मात्र वेगळं आहे, म्हणून लिहितो. बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये सुकवतात, त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर उडतं. पिवळाधमक बेदाणा हवा असेल तर पुढे गंधकाची धुरी देतात. त्या धुरीतला वायू म्हणजे वर लिहिलेलं २२०. द्राक्ष चाललं म्हणून पिवळा बेदाणा चालेलच असं नाही, तो वेगळा देऊन बघा. गंधक नको असेल तर तपकिरी बेदाणा घ्या, आणि धुरी दिली होती का ते विकणाऱ्याला विचारा, चांगला माणूस खरं सांगतो.

खडूफळा | २३ फेब्रुवारी, दुपारी २.४०

प्राथमिक शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. शिक्षकाच्या बाजूने दोन शब्द.

कृपा करून आम्हाला सांगा. मुलाचा आहार चालू आहे हे शाळेला बहुतेक वेळा माहीतच नसतं आणि वाढदिवसाची चॉकलेटं आमच्याच हातून वाटली जातात. माझ्या वर्गात मी दोन वर्षांपासून कपाटात एक 'बदलीचा डबा' ठेवते. ज्या मुलाला चालत नाही त्याची आई त्यात राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, घरची वडी ठेवते. गोळी मिळाली की मूल ती माझ्याकडे देतं आणि डब्यातलं घेतं. सगळ्यांना एकाच वेळी काहीतरी मिळतं, हे त्या वयात फार मोठं असतं. पहिल्या वर्षी एका मुलासाठी सुरू केला, आता डब्यातला लाडू मिळावा म्हणून इतरही गोळी बदलायला येतात.

आणि त्याला 'वाईट खाणं' असं शिकवू नका. माझ्याकडच्या एका मुलीने दुसरीला सांगितलं, "तुझी आई तुला विष देते." दोन घरांत त्यावरून बोलणं बंद झालं.

गोदाकाठ | २३ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

बाई, बदलीचा डबा उद्याच आमच्या शाळेत विचारते. आम्ही घरात "हे तुझ्या अंगाला पळवतं" असं म्हणतो. तोही तसंच म्हणतो. त्याला पटलंय, कारण चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा तोही बसला होता आणि गुण त्याने स्वतः वाचले.

नवी_आई_मखमलाबाद | २३ फेब्रुवारी, रात्री ८.१५

सगळं एका दमात वाचलं. मुलगी पाच वर्षांची. डॉक्टरांनी पालक-प्रशिक्षण सांगितलं आहे, ते सुरू आहे. आहार करून बघायला त्यांची हरकत नाही. सोमवारपासून सुरू करू का? पाच मार्चला भावाचं लग्न आहे, आणि पुढे रंगपंचमी. शिवाय तिला सारखा ताप येतो, सिरपचं काय करायचं?

आहारवही | २३ फेब्रुवारी, रात्री ९.००

पाच वर्षांच्या मुलीसाठी पालक-प्रशिक्षण हाच पहिला उपचार, तो आहारासाठी थांबवू नका. सिरपसाठी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना बिनरंगाचा पर्याय आहे का ते विचारा. काही कंपन्यांची पांढरी सस्पेन्शन मिळतात. मिळालं नाही आणि ताप आला, तर गुलाबी सिरप द्या आणि वहीत लिहा. ताप आधी. सारखा ताप का येतो तेही त्यांना विचारा.

गोदाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री ९.४०

सोमवारपासून फक्त वही सुरू करा. काही बंद करू नका, दोन आठवडे. लग्न त्यातच येऊन जाईल, आणि लग्नात तिने जे खाल्लं ते सगळं लिहा, बुंदीसकट, तुम्हाला तीच माहिती लागणार आहे. रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या पाण्याच्या हौदावर) खुशाल न्या. तो रंग अंगावर उडतो, पोटात जात नाही. फक्त तिथल्या गाड्यावरचं लाल-हिरवं सरबत नको, घरून कोकमाचं न्या. रंगपंचमी झाली की दुसऱ्या दिवसापासून पहिला टप्पा धरा, पुढचे चार आठवडे मोठा सण किंवा प्रवास नाही ना तेवढं बघून. गुढीपाडवा मध्ये आलाच तर रंगीत गाठीऐवजी पांढरी घ्या, मेन रोडला मिळते.

वहीचे रकाने कसे आखले त्याचा फोटो उद्या सकाळी टाकते. आत्ता तो झोपला आहे आणि वही त्याच्या दप्तरात आहे.